अंगठा कुणाचा, हिशेब कुणाचा?



पनवेलहून मुंबई-गोवा रस्त्याने पेणच्या बाजूला निघाले की दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळ्याचा डोंगर लागतो. १९६८ साली महाराष्ट्रातले पहिले पक्षी अभयारण्य इथे झाले, त्यामुळे शाळांच्या सहली इथे येत असतात. पण लांबून डोळ्यांत भरतो तो किल्ल्याच्या माथ्यावरचा सुळका. मूठ आवळून अंगठा तेवढा वर काढावा, तसा तो उभा आहे.

गेल्या दिवाळीनंतर लेकीकडे पनवेलला गेलो होतो. जावईबापूंबरोबर एक दिवस कर्नाळ्याला जाणे झाले. परतताना पायथ्याकडच्या एका किराणा दुकानात चहाची पुडी घ्यायला थांबलो. दुकानातच बँकमित्राचे छोटे यंत्र होते. अंगठा लावायचा, आधारचा नंबर सांगायचा आणि खात्यातले पैसे घ्यायचे, अशी सोय. पुढे एक कातकरी बाई उभी होती. सरकारी योजनेचे पैसे जमा झाल्याचे कुणीतरी तिला सांगितले होते. तिने अंगठा लावला. यंत्राने नाही म्हटले. पदराला पुसून लावला, तरी नाही. दुकानदाराने दुसरे बोट लावायला सांगितले, मग तेल चोळून बघायला सांगितले. शेवटी म्हणाला, "बाय, लागत नाय. उद्या ये."

बाई म्हणाली, "शेठ, कालपण हेच सांगलास. दोन रोज खाडा झाला माझा."

दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्याचाही वेळ जात होता आणि त्या कामाचे त्याला सुटतात ते मोजकेच पैसे. मी सहज बाईचा हात पाहिला. वीटभट्टीवर राबलेला हात. बोटांवरच्या रेषा पार झिजून गेलेल्या. बाहेर आलो तर समोर कर्नाळ्याचा सुळका. मनात आले, ज्या यंत्राने या बाईच्या दारात बँक आणायची होती, त्यानेच तिला अंगठा दाखवला.

आता आपण म्हणाल, कुठले कर्नाळे आणि कुठला आपला ऊस! आपल्या अंकात बेण्याच्या जाती, ठिबक, हुमणी, खोडवा यांवर लिहायचे सोडून हे काय? पण त्या बाईचा हात मला परका वाटला नाही. तसलेच हात दर हंगामात आपल्या फडात कोयता चालवतात. उसाच्या पाचटाने आणि मोळ्या बांधून त्या हातांच्या रेषाही अशाच जातात. कातकरी कुटुंब भट्टीवाल्याकडून पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या सुमारास आगाऊ पैसे घेते आणि हंगामभर ते फेडत राहते. आपल्या टोळ्या दसऱ्याच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेतात आणि पट्टा पडेपर्यंत फेडतात. व्यवहार एकच, नाव वेगळे. म्हणून गरिबाच्या पैशासाठी यंत्रे येताहेत, त्यांचा अभ्यास कसा व्हावा आणि त्यात आपले काय काम, हे चार शब्द सभासदांपुढे ठेवतो आहे.

आधी पाहणी, मग धुराडे

अंगठ्याचे आणि गरिबाचे नाते जुने आहे. आपल्या पणजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठवले. कागदात काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते आणि वाचून कुणी दाखवत नव्हते. त्याचा कडेलोट १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला झाला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली, आणि त्यांचा रोख होता खतावण्यांवर आणि कर्जरोख्यांवर. कागद हाती लागला की तो जाळायचा. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकापुढे व्हावा, अशी तरतूद होती. म्हणजे न कळलेला हिशेब हा अन्यायच असतो, ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी कबूल झाली होती.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. ७५ जिल्ह्यांतली ६०० गावे आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे त्यासाठी पाहिली. निष्कर्ष असा निघाला की, शेतकरी जे कर्ज काढतो त्यातले सहकारी संस्थांकडून जेमतेम ३ टक्के येते आणि सुमारे ७० टक्के सावकाराकडून येते. या पाहणीच्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते. त्याच काळात विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने त्यांनी प्रवरानगरचा कारखाना उभा केला आणि त्याचे पहिले अध्यक्षपद सांभाळले. गाडगीळ अर्थशास्त्राचे पंडित, पण शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याचा जमाखर्च विचारणारे. विठ्ठलराव कमी शिकलेले, पण गावागावांत पायी हिंडून भागभांडवल गोळा करणारे. आधी माणसाचा व्यवहार समजून घ्यायचा आणि मग यंत्र आणायचे, ही आपल्या सहकाराची मूळ रीत आहे. धुराडे नंतर उभे राहिले.

आज गरिबांसाठी जी यंत्रे येतात, त्यांत हा क्रम अनेकदा उलटा होतो. यंत्र आधी येते, उद्घाटन होते, फोटो निघतात. आणि माणूस काय करतो ते पाहायला पुढे कुणी जात नाही.

काय मिळाले आणि काय अडले

यंत्रांनी काहीच दिले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. २००६ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना गावोगावी प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली, त्यातून आजचे बँकमित्र आले. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले ते आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी वस्तीच्या गावात. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना सुरू झाली आणि ज्यांनी बँकेची पायरी कधी चढली नव्हती, त्यांची खाती निघाली. २०१६ साली मोबाईलवरून लगेच पैसे पाठवायची यूपीआयची सोय आली. आज आपल्या बाजारात मेथीची जुडी विकणारी मावशीसुद्धा चौकोनी खुणेचा कागद पुढे करते. दहा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितले असते तर आपण हसलो असतो.

अभ्यास करून यंत्र बसवले तर फायदा किती होतो, याचा दाखला शेजारच्या राज्यात आहे. एकत्रित आंध्र प्रदेशात रोजगार हमीची मजुरी आणि वृद्धांचे पेन्शन अंगठा पाहून गावातच द्यायची पद्धत २०१० च्या सुमारास आली. तिथे संशोधकांनी सरकारला सांगितले की, सगळीकडे एकदम सुरू करू नका. चिठ्ठ्या टाकून काही मंडलांत आधी करा, काही मंडलांत नंतर. म्हणजे फरक कळेल. जवळजवळ दोन कोटी लोकवस्तीचा तो मुलूख होता. दोन वर्षांनी पाहिले तर नव्या पद्धतीत मजुरी लवकर हाती पडत होती आणि मधली गळती कमी झाली होती. मजुरांचा हेलपाट्यांतला वाचलेला वेळ पैशात मोजला, तर तेवढ्यातच यंत्रणेचा खर्च भरून निघत होता. बेण्याच्या नव्या जातीचा प्लॉट आणि जुन्या जातीचा प्लॉट शेजारी-शेजारी लावून उतारा पाहावा, तसाच हा प्रकार. आपल्याला तो समजायला जड नाही.

आता दुसरी बाजू. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात धसई नावाचे बाजाराचे गाव आहे. आसपासच्या आदिवासी पाड्यांची खरेदी तिथे होते. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये ते राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. दुकानादुकानांत कार्ड घासायची यंत्रे बसली. पुढच्या वर्षभरातच तिथला व्यवहार पुन्हा रोखीवर आल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वाचायला मिळाल्या. यंत्र दुकानदाराकडे होते, पण पाड्यावरून मिठा-मिरचीला येणाऱ्या माणसाकडे कार्ड कुठून असणार? त्याची मजुरी रोख मिळते, तो खर्चही रोखच करणार. ओढ्याला पाणी नसताना मोटार बसवण्यासारखे ते झाले.

बायकांनी शिकवलेला धडा

संशोधन म्हणजे प्रयोगशाळा आणि मोठे कागद, असे आपल्याला वाटते. पण गरिबाच्या पैशाचे सर्वांत चांगले संशोधन दोन साध्या प्रश्नांनी होते. बाबा, आज तू काय करतोस? आणि हे नवे तुला कसे हवे?

आफ्रिकेतल्या केनियाची हकीकत सांगतो. तिथे एका मोबाईल कंपनीने २००५ च्या सुमारास एक प्रयोग केला. बचतगटासारख्या संस्थांचे छोटे कर्ज मोबाईलवरून फेडता यावे, एवढाच हेतू होता. प्रयोग चालू असताना पाहणी केली, तर लोक त्याचा उपयोग भलत्याच कामाला करत होते. शहरात मोलमजुरी करणारा माणूस गावाकडे आईला, बायकोला पैसे पाठवत होता. कंपनीने हट्ट धरला नाही. कर्जफेड बाजूला ठेवली आणि घरी पैसे पाठवण्याची सेवा म्हणूनच मार्च २००७ मध्ये एम-पेसा सुरू केली. साधा बटणांचा फोन आणि कोपऱ्यावरचे दुकान, एवढ्यावर ती चालली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे तिच्यामुळे केनियातली १ लाख ९४ हजार कुटुंबे दारिद्र्यातून वर आली. लोक काय करतात ते आधी पाहिले, म्हणून हे घडले.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा यांनी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी ताडपत्री घ्यायची होती. त्यासाठी रोजचे थोडे थोडे साठवायचे, तर कुठली बँक तिचे खाते उघडीना. तिथून ही बँक सुचली. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर. बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. तोंडी व्याजाचा हिशेब आमच्याशी लावून बघा, असे त्यांनी साहेबांनाच सांगितले. परवाना मिळाला.

या बँकेने पुढे मोबाईल-यंत्राचा व्यवहार आणला, तेव्हाची गोष्ट फार बोलकी आहे. साहेबलोकांची पद्धत म्हणजे प्रत्येकीला गुप्त आकडा द्यायचा आणि तो तिने पाठ करायचा. बायका म्हणाल्या, आकडा नको, तो कुणीही चोरेल. अंगठा ठेवा, अंगठा कोण चोरणार? बँकेने ते ऐकले आणि पद्धत बदलली. ज्या अंगठ्याने आपल्या पणजोबांची जमीन गेली, तोच अंगठा या बायकांनी स्वतःच्या पैशाचे कुलूप म्हणून मागून घेतला. अंगठा तोच, पण या वेळी विचारून घेतलेला. सगळा फरक त्यात आहे.

पण माणदेशात जे चालले ते कर्नाळ्याच्या पायथ्याला अडले, हेही आपण पाहिले. शिवाय अंगठा चोरीला जातो, हेही आता सिद्ध झाले आहे. दस्तनोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून, रबरासारख्या पदार्थावर त्यांची नक्कल करून लोकांच्या खात्यातले पैसे काढल्याचे गुन्हे देशात अनेक ठिकाणी पोलिसांनी उघड केले आहेत. यावर उपाय म्हणून आधारचे ठसे कुलूपबंद ठेवण्याची सोय आहे. फसवणूक झाली तर तातडीने १९३० या क्रमांकावर कळवायचे असते. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? मग टोळीतल्या माणसाला कोण सांगणार? एका ठिकाणचे उत्तर दुसऱ्या ठिकाणी तसेच लागू पडत नाही, म्हणून अभ्यास एकदा करून भागत नाही. प्रत्येक रानाची माती वेगळी तपासावी लागते.

यंत्रामागचा माणूस

कर्नाळ्याचे नाव काढले की पनवेलकडच्या लोकांना आणखी एक गोष्ट आठवते. पनवेलची कर्नाळा नागरी सहकारी बँक. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये तिचा परवाना रद्द केला. खोटी कर्जखाती दाखवून पाचशे कोटींहून अधिक रक्कम वळवली गेली, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने सांगितले की, ९५ टक्के ठेवीदारांना त्यांची पूर्ण ठेव विमा महामंडळाकडून मिळेल. हा विमा फेब्रुवारी २०२० पर्यंत एका ठेवीदाराला एका बँकेत १ लाखाचाच होता, तो तेव्हा ५ लाखांचा झाला. पण उरलेल्यांत आयुष्याची पुंजी ठेवणारे होते आणि ज्यांना पैसे मिळायचे त्यांचेही मधले दिवस काही सुखाचे गेले नाहीत. जाता जाता एक सांगून ठेवतो. हा विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. सभासदांनी ठेव ठेवताना हे ध्यानात घ्यावे.

हे इथे सांगायचे कारण असे की, आजकाल बँकेचा हिशेब संगणकात असतो, म्हणून तो खराच असणार असे आपण धरून चालतो. संगणक खोटे बोलत नाही, पण त्यात खोटे भरता येते. गरिबाचा पैसा यंत्रात गेला की त्याच्यामागे कोण उभा आहे, चुकले तर दाद कुठे मागायची आणि तपासणी कोण करतो, हे प्रश्नही संशोधनात आले पाहिजेत. आपण आपल्या काट्यावर विश्वास ठेवतो तो का? काट्याला काटा म्हणतात म्हणून नव्हे. सभासद स्वतः उभा राहून वजन पाहू शकतो, पावती हातात पडते आणि शंका आली तर फेरवजन मागता येते, म्हणून. गरिबाच्या पैशाच्या यंत्राला हीच कसोटी लावा. त्याला आकडा दिसतो का? पावती कळते का? फेरवजन मागता येते का?

आता आपल्या फडाकडे

आपल्या उसाचे पैसे आज थेट खात्यात येतात. टनेजचा संदेश मोबाईलवर येतो. उसाचे पैसे १४ दिवसांत मिळावेत असा आपल्याला कायद्याचा आधार आहे; उशीर झाला तर आपण गटऑफिसात जाऊन विचारतो आणि विचारायलाच हवे. पण तोच ऊस ज्याने तोडला त्याचा हिशेब कुठे असतो? मुकादमाच्या वहीत. बहुतेक ठिकाणी कारखान्याकडून पैसे निघतात, वाहतूकदाराकडे जातात, वाहतूकदाराकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघे पहाटेपासून राबतात, पण नाव एकाचेच लागते. तिने किती मोळ्या बांधल्या, किती डोक्यावर वाहिल्या, त्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही. तिच्या हातात खेळतो तो वाढे विकून आलेला चार पैशांचा गल्ला. पट्टा पडतो तेव्हा मुकादम सांगतो, एवढे फिटले, एवढे अंगावर राहिले. हो म्हणायचे आणि ट्रकमध्ये बसायचे.

सभासद म्हणतील, मुकादमाची बाजू सांगा की! सांगतो. मुकादमाला नुसते खलनायक करून चालणार नाही. रात्री बारा वाजता कोपीवर पोर तापाने फणफणले, तर कागद न मागता दवाखान्याला पैसे देणारा तोच असतो. पोरीच्या लग्नाला आषाढात रक्कम देणारा तोच. कुठले यंत्र हे करते? गरीब माणूस सावकाराकडे किंवा मुकादमाकडे अडाणीपणाने जात नाही. अडीअडचणीला दुसरे दार उघडत नाही म्हणून जातो. नव्या व्यवस्थेने हे दार उघडले नाही, नुसते खाते उघडले, तर ते खाते रिकामे पडून राहील. दुसरीकडे उचल घेऊन टोळी आलीच नाही, म्हणून बुडालेले वाहतूकदारही आपल्यात आहेत. ट्रॅक्टरचा हप्ता थकतो, ऊस रानात वाळतो, आणि नुकसान शेवटी सभासदाच्या टनेजवर येते. अंधारातला हिशेब फक्त मजुराला खातो असे नाही. तो सगळ्यांना खातो.

म्हणून माझी सूचना अशी आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण एक ठराव करावा. पुढच्या गळीत हंगामात आपल्या कार्यक्षेत्रातल्या प्रत्येक गटातून दोन-दोन टोळ्या घ्याव्यात आणि त्यांच्या पैशाची वाट हंगामभर नोंदवावी. कृषी महाविद्यालयाची किंवा समाजकार्य शिकणारी चार-सहा मुले-मुली त्यासाठी मिळतील. निम्म्या मुलीच हव्यात, कारण कोपीवरच्या बाया पुरुषांपुढे पैशाचे बोलत नाहीत. फार मोठे प्रश्न नकोत. एवढेच विचारावे:

उचल किती घेतली, कोणत्या महिन्यात आणि कशासाठी?

खाते आहे का, आणि ते नवऱ्याच्या नावावर आहे की बायकोच्या? बायकोच्या नावावर असले तरी कार्ड आणि फोन कुणाच्या खिशात असतो?

खात्याला जोडलेला मोबाईल नंबर आज चालू आहे का? इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरूनही पैशाचा व्यवहार करायची सोय देशात आहे, ती ठाऊक आहे का, आणि ठाऊक असून वापरत नसतील तर का नाही?

पैसे काढायला किती लांब जावे लागते, जाण्या-येण्याला काय पडते, किती खाडे होतात, आणि मधला कुणी काही कापून घेतो का?

अंगठा लागतो का? लागत नसेल तर पुढे काय करतात?

गावाकडे म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे राहिली आहेत, त्यांना पैसे कसे पाठवतात?

आणि शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: तुमचा हिशेब तुम्हाला कसा मिळाला तर आवडेल? कागदावर, फोनवर बोललेल्या आवाजात, की आठवड्याला फडावर चारचौघांत वाचून?

दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. एक म्हणजे, त्यांनी सांगितलेले मुकादमाच्या, वाहतूकदाराच्या किंवा आपल्या कारखान्याच्याही कानावर नावानिशी जाता कामा नये. गरिबाने विश्वासाने सांगितलेले त्याच्यावरच उलटले, तर पुढच्या वर्षी कोण बोलेल? दुसरे म्हणजे, पाहणीतून जे निघेल ते आधी कोपीवर जाऊन त्यांना वाचून दाखवावे, नंतर संचालक मंडळापुढे ठेवावे. त्यांचा हिशेब त्यांना शेवटी कळावा, हे शोभत नाही.

खर्चाची काळजी नको. मोळी टाकण्याच्या समारंभाच्या मांडवाला आणि हार-फेट्यांना आपण जो खर्च करतो, त्यात हे काम सहज बसेल.

काही मंडळी म्हणतील, हे काम सरकारचे, बँकांचे. आपण ऊस पिकवावा. खरे आहे. पण सरकार आणि बँका कोपीवर येत नाहीत, आपण रोज जातो. चिटबॉय रोज फडावर असतो. देशभरच्या देयकांची यंत्रणा मुंबईत बसून चालते आणि कर्नाळा मुंबईहून दोन तासांच्या आत आहे. तिथल्या बाईचा झिजलेला अंगठा त्यांना दिसला नाही, मग आपल्या फडातला कोण बघणार? आपण पाहिले आणि लिहून दिले, तर यंत्र करणाऱ्यालाही उपयोग होईल.

दुसरे काही जण दबक्या आवाजात म्हणतील, या लोकांना हिशेब कळला तर उद्या डोईजड होतील. हे वाक्य मला ओळखीचे वाटते. आपल्या वडिलांनी शेअरची रक्कम गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा गावचा सावकार आणि गूळ-अडत्या हेच म्हणत होता. कुणब्याला हिशेब कळला तर आमचे कसे व्हायचे? कुणब्याला हिशेब कळला, म्हणून हा कारखाना उभा राहिला. हिशेब कळलेला माणूस चोख भाव मागतो हे खरे. पण चोख कामही तोच करतो आणि पुढच्या हंगामाला सांगितलेल्या तारखेला तोच येतो.

कर्नाळ्याची ती बाई दुसऱ्या दिवशी आली असेल का, तिचा अंगठा लागला असेल का, मला ठाऊक नाही. पण येत्या हंगामात तुमच्या रानात टोळी उतरली की एकदा बांधावर उभे राहून तोडणाऱ्या बाईचा हात पाहा. आणि तिला एवढेच विचारा, "ताई, तुझा हिशेब तुला कळतो का?" ती जे सांगेल ते लिहून घेऊन वार्षिक सभेला या. ठरावाला अनुमोदन तेवढ्याने होईल.

– एक ऊस उत्पादक सभासद